खुर्चीतून उठायला किती फ्रेम लागतात

परवा रात्री पावणेबाराला सातवी असाइनमेंट अपलोड केली आणि लॅपटॉप बंद करून तशीच अंधारात बसून राहिले, कारण शेजारी धाकटी झोपलेली आणि मी उठले असते तर खुर्ची करकरली असती. तिथे बसल्या बसल्याच ठरवलं की हे एकदा लिहून काढायचं. कॅरेक्टर ॲनिमेशन शिकायला लागून मला आता चौदा महिने झाले. मोठा तिसरीत आहे, धाकटी चार वर्षांची, सासूबाई आहेत ज्यांना मी आईच म्हणते, आणि नवऱ्याची शिफ्ट दर पंधरा दिवसांनी बदलते. "हे सगळं सांभाळून तुला शिकायला जमतं तरी कसं गं" असं मैत्रिणी विचारतात आणि मी "जमतं" एवढंच म्हणून विषय बदलते, पण ते कसं जमतं हे मलाही फार उशिरा कळलं, आणि जे कळलं ते ॲनिमेशनच्याच एका धड्यातून कळलं.

ज्यांना या कामाबद्दल माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडंसं. एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं. हाताने काढायच्या ॲनिमेशनमध्ये बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, त्याला ऑन टूज म्हणतात, मग सेकंदाला १२ चित्रं पुरतात. मी शिकतेय ते थ्रीडी, तिथे चित्रं काढायची नसतात, तयार बाहुली मिळते, तिच्या आत हाडं आणि बाहेरून धरून हलवायला कंट्रोल, या सगळ्याला मिळून रिग म्हणतात. एका फ्रेमवर बाहुलीला एक पोझ द्यायची, ती तिथे पक्की करणारी खूण, जिला 'की' म्हणतात, ती लावायची, मग वीस फ्रेम पुढे जाऊन दुसरी पोझ, दुसरी की, आणि मधले फ्रेम कॉम्प्युटर भरतो. ऐकणाऱ्याला वाटतं मग तुझं काम काय राहिलं? सगळंच राहिलं. कॉम्प्युटरला दोन पोझमधलं अंतर कळतं, माणूस कळत नाही. त्याने भरलेली हालचाल तरंगत असते, तिच्यात वजन नसतं, इच्छा नसते, कंटाळा नसतो, आणि ते सगळं आपण एकेक फ्रेम बघून घालायचं असतं.

पहिली असाइनमेंट चेंडू उसळवायची असते, जवळजवळ सगळीकडेच. हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा नाही, नुसता गोळा वरखाली, आणि मला त्याला तीन आठवडे लागले. चेंडू वर जाताना मंदावतो, सगळ्यात वर असतो तेव्हा फ्रेम एकमेकांना चिकटून असतात, खाली येताना दोन फ्रेममधलं अंतर वाढत जातं, आणि जमिनीला लागल्या लागल्या तो तसाच वर फिरतो, आणि दर उसळीला उंची कमी होत जाते. ग्राफ एडिटर म्हणून एक खिडकी असते, तिच्यात ही हालचाल रेषेने दिसते, तिला कर्व्ह म्हणतात. चेंडूच्या कर्व्हला वरती डोंगरासारखा गोल माथा हवा आणि खाली जमिनीपाशी एकदम टोक. माझ्या कर्व्हला खालीही गोलाईच होती, सॉफ्टवेअर आपणहून गोल करतं, त्यामुळे माझा चेंडू जमिनीजवळ आला की गादीवर टेकल्यासारखा हळूच टेकायचा. मी पन्नास वेळा बघितलं असेल, काय चुकतंय कळेना. मोठा दूध पिऊन झाल्यावर मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, हा चेंडू जमिनीला घाबरतो का?" तेवढ्यावरून मला खालचं टोक दिसलं. रेषेला गोलाई देणारं तिथलं हँडल तोडलं, दोन्ही बाजूंनी रेष सरळ खाली आणली, आणि प्ले केलं तर चेंडू एकदम चेंडू झाला. तो क्षण मी अजून विसरलेले नाही.

सुरुवातीचे पाच महिने मी मुलं झोपली की बसायचे, पहिल्या फ्रेमपासून सुरू करायचे आणि जेवढं होईल तेवढं पुढे जायचे. गोष्ट सांगतो तसंच ना, पहिल्यापासून शेवटपर्यंत. या पद्धतीला नाव आहे, स्ट्रेट अहेड. डिस्नेमध्ये अख्खं आयुष्य काढलेले फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी १९८१ साली एका पुस्तकात ॲनिमेशनची १२ तत्त्वं मांडली, ती तिथल्या लोकांना १९३०च्या दशकात काम करता करता सापडत गेली होती, आणि आजही शिकणाऱ्यांची सुरुवात तिथूनच होते. त्यातलं चौथं तत्त्व म्हणजे स्ट्रेट अहेड आणि पोझ टू पोझ या दोन पद्धती. स्ट्रेट अहेडने काम जिवंत येतं, आगीला, पाण्याला, पिसाट धावण्याला ती फार छान. पण तिच्यात पुढच्या फ्रेमला काय होणार हे कुठे लिहिलेलं नसतं, ते फक्त त्या घटकेला तुमच्या डोक्यात आणि हातात असतं.

आणि माझ्या घरात ती घटका टिकत नाही. धाकटी उठून पाणी मागते, आईंच्या गोळ्या द्यायच्या राहिलेल्या असतात, मोठ्याला रात्री दहाला आठवतं की उद्या शाळेत काहीतरी कापून चिकटवून न्यायचंय. उठावंच लागतं, आणि त्यात कोणाचीच चूक नसते. मग दुसऱ्या दिवशी फाइल उघडावी तर फ्रेम ६० वर बाहुली एक पाय उचलून उभी आणि काल मला तिच्याकडून काय करून घ्यायचं होतं ते पार पुसलेलं. परत पहिल्यापासून बघायचं, परत सूर धरायचा, त्यातच अर्धा तास जाणार आणि मिळालेला वेळ मुळात पाऊण तास. मी यावर रडले आहे, दोनदा तरी. मला वाटायला लागलं होतं की हे काम ज्यांना दाराला कडी लावून बसता येतं त्यांचंच आहे.

मग पोझ टू पोझ नीट शिकवलं गेलं. आधी कागदावर बोटभर उंचीची चित्रं काढायची, थंबनेल म्हणतात त्यांना, फक्त मुख्य पोझ: बसलेली, झुकलेली, अर्धी उठलेली, उभी. प्रत्येक चित्राच्या खाली फ्रेम नंबर. मग तेवढ्याच पोझ रिगवर घ्यायच्या, मधलं काही भरू न देता, म्हणजे एका पोझवरून दुसरीवर थेट उडी पडते, याला स्टेप्ड म्हणतात (मी ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर वापरते, त्यात याचं नाव कॉन्स्टंट आहे). या टप्प्याला ब्लॉकिंग म्हणायचं. मग दोन पोझच्या मधल्या पोझ घालायच्या, ब्रेकडाऊन, म्हणजे हात जाताना खालून वळसा घेतो की वरून, डोकं आधी वळतं की खांदा. आणि हे सगळं ठरलं की मग स्प्लाइन, म्हणजे कॉम्प्युटरला मधलं भरू द्यायचं, आणि शेवटी पॉलिश, म्हणजे बारीकसारीक सफाई.

वर्गात बाकीच्यांना ही एक पद्धत वाटली असेल. मला तर माझ्या दिवसाचं वेळापत्रकच हातात दिल्यासारखं झालं. कारण यातली प्रत्येक पोझ म्हणजे एक पूर्ण झालेली गोष्ट. उठून गेलं तरी ती तिथेच असते, नंबरासकट. मी उद्या आले किंवा चार दिवसांनी आले, कागदावर लिहिलंय की फ्रेम ४१ ला हात खुर्चीच्या हातावर आणि नजर खाली. सूर माझ्या डोक्यातून निघून वहीत गेला. मोठ्याच्या जुन्या वह्यांची मागची कोरी पानं मी त्यासाठी वापरते, कारण त्या कायम हाताशी असतात आणि पान वाया गेलं तर मन दुखत नाही, नवीन कोऱ्या स्केचबुकमध्ये माझा हात आखडतो.

तेव्हापासून मी कामाचे तुकडे पाडायला शिकले, म्हणजे कुठला टप्पा किती मोठ्या फटीत मावतो ते बघून. थंबनेल कुठेही होतात, गॅसवर काहीतरी असताना, शाळेच्या दारात उभं राहून, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत. त्याला दहा मिनिटं पुरतात, उलट जास्त वेळ दिला की मी उगाच चेहऱ्याचं सुबक चित्र काढत बसते आणि पोझ राहते बाजूला. ब्लॉकिंगला वीस-पंचवीस मिनिटांची एक फट म्हणजे एक पोझ, दुपारी धाकटी झोपली की दोन पोझ. रेफरन्सचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या हालचालीचा, व्हिडिओ फ्रेम फ्रेम पुढे सरकवत बघायचं काम मांडीवर मूल असतानाही होतं, तिलाही मजा वाटते. पण ग्राफ एडिटरमधलं शेवटचं काम, स्प्लाइन आणि पॉलिश, ते तुकड्यात होत नाही. मी खूप प्रयत्न केला. चाळीस कर्व्ह एकमेकांशी कसे बोलताहेत हे डोक्यात चढायलाच अर्धा तास लागतो, आणि एकदा हाक आली की ते सगळं उतरतं. त्यासाठी सलग दोन तास लागतात, एवढं मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, मदत कर असं मोघम न बोलता. दर रविवारी सकाळी आठ ते दहा तो दोघांना घेऊन बाहेर जातो, शिफ्ट कुठलीही असो, रात्रपाळी करून आलेला असला तरी जातो. त्या दोन तासांत मी फोनही बघत नाही, कारण ते तास त्याच्या झोपेतले आहेत हे मला माहीत असतं.

एकदा मोठा घोळ झाला तोही सांगते, कारण घरी मुलं असतील त्या प्रत्येकाला हे कामाचं आहे. ऑटो की म्हणून एक बटन असतं, ते चालू असलं की तुम्ही काहीही हलवलं तर आपोआप की लागते. मी ते चालू ठेवून दार उघडायला गेले. धाकटीने खुर्चीवर चढून माउस फिरवला असणार, आणि मी येऊन काही न बघता सेव्ह करून झोपवायला गेले तिला. तीन दिवसांनी स्प्लाइन केलं तर फ्रेम ४७ ला बाहुलीची कंबर गचका खाऊन परत जागेवर. मला वाटलं माझीच पोझ चुकली, मी आजूबाजूच्या चार पोझ मोडून परत केल्या, तरी गचका तिथेच. शेवटी ग्राफ उघडून कंबरेचा कर्व्ह एकटा काढून बघितला तर मधोमध टाचणीसारखं उभं टोक, एकच की, सगळ्या रेषेपासून वेगळी पडलेली. ती पुसली आणि झालं. तिला रागवायचा प्रश्नच नव्हता, तिने मला जे करताना बघितलं तेच केलं होतं. पण तेव्हापासून उठायच्या आधी ऑटो की बंद, फाइल नवीन नंबराने सेव्ह, आणि लॅपटॉप मिटलेला. ब्लेंडर दर दोन मिनिटांनी स्वतः एक प्रत ठेवतं खरं, पण ती नुसती आणीबाणीसाठी, तिच्या भरवशावर उठू नका.

आणि एक आठवडा मला अजूनही बोचतो. दोन्ही मुलांना एकापाठोपाठ ताप, आठ दिवस लॅपटॉप उघडलाच नाही, असाइनमेंट तीन दिवस उशिरा गेली. कोर्सचा नियम असा की उशिरा आलेल्या कामाला फीडबॅक नाही. मार्क कापले असते तर चाललं असतं मला, पण फीडबॅकसाठीच तर आपण शिकायला येतो ना? माझ्या त्या वॉक सायकलमध्ये, म्हणजे चालण्याच्या पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या हालचालीत, काय चुकलं होतं ते मला चार महिन्यांनी दुसऱ्याच शॉटच्या वेळी कळलं (पाय जमिनीला टेकल्यानंतर शरीर खाली जायला हवं, मी टेकण्याच्या क्षणीच सगळ्यात खाली नेत होते, म्हणून चाल लंगडी वाटायची). तेव्हा घर सांभाळून कोर्स निवडत असाल तर माझं ऐका, लाइव्ह क्लास किती आहेत हे नंतर बघा, आधी विचारा की फीडबॅक रेकॉर्ड करून मिळतो का, आणि उशीर झाला तर काय. आमचे मेंटर शॉटच्या फ्रेमवरच रेघा मारून, बोलून रेकॉर्डिंग पाठवतात, ते मी भांडी आवरताना कानात घालून चार वेळा ऐकते आणि मग रात्री बघते. त्या एका गोष्टीसाठी मी टिकून आहे असं म्हटलं तरी चालेल.

मध्ये लिपसिंकचा, म्हणजे आवाजाशी तोंडाची हालचाल जुळवायचा, एक छोटा एक्सरसाइज होता, त्यात मोठा कामाला आला. सगळे ट्यूटोरियल इंग्रजी तोंडाचे, आणि मी मराठी वाक्य घेतलं होतं, त्याच्याच आवाजात, "मी नाही पाडलं, ते आपोआप पडलं." नियम साधा आहे, प्रत्येक अक्षराला तोंड हलवायचं नाही, आधी नुसता जबडा उघड-मीट बसवायचा, मग ओठांचे कोपरे, आणि ओठ जिथे पूर्ण मिटतात ते अक्षर मात्र चुकवायचं नाही, निदान दोन फ्रेम तरी मिटलेले दिसले पाहिजेत, आणि आवाजाच्या एखादा-दोन फ्रेम आधी. मी कुठली अक्षरं ती शोधत बसले होते आणि तो शेजारी मोठ्याने म्हणत होता, प फ ब भ म. मी थबकलेच. लहानपणापासून घोकलेली वर्णमाला मुळात तोंडाच्या आतल्या जागेप्रमाणेच लावलेली आहे! क वर्ग घशापाशी, तिथून पुढे पुढे येत त वर्ग दातांवर, आणि प वर्ग ओठांवर. म्हणजे क, ख, ग बाहेरून जवळजवळ दिसतच नाहीत, तिथे नुसता जबडा पुरतो, आणि ओठ मिटायचे ते प वर्गाला. फक्त फ जपून, "फळ" म्हणताना ओठ मिटतात पण "फोन" म्हणताना बरेच जण खालचा ओठ दाताला लावतात, व लाही तसंच काहीसं. ऊ, ओ ला ओठ गोल, ई, ए ला फाकलेले, आ ला जबडा खाली. मी ते वहीत लिहून काढलं आणि आम्ही दोघं आरशासमोर उभे राहून ते वाक्य वीस वेळा म्हणालो. त्या वाक्यात प चार जागी येतो, "पाडलं"चा, "पडलं"चा आणि मधल्या "आपोआप"मधला पो, आणि त्याच शब्दातला शेवटचा प, तो मिटलेला राहून थेट पुढच्या "पडलं"मध्ये उघडतो. हे त्याने दाखवलं मला. मला दिसलं नव्हतं.

आता सातव्या असाइनमेंटकडे येते, वजनाची. कॅरेक्टर खुर्चीतून उठेल आणि दोन पावलं चालेल, बस. वय, स्वभाव आपण ठरवायचा. मी आजी घेतली, कारण घरात आई रोज माझ्यासमोर उठत-बसत असतात आणि त्यांच्या गुडघ्याचं दुखणं मी गेली चार वर्षं बघतेय, म्हणजे बघतेय असं मला वाटत होतं.

त्यांना विचारलं, "आई, तुमचा उठतानाचा व्हिडिओ काढू का, अभ्यासाला हवाय." त्या म्हणाल्या, "माझ्या उठण्यात काय बघायचंय गं?" पण केस नीट करून बसल्या खुर्चीत. आणि कॅमेरा सुरू केल्याबरोबर अशा उठल्या, हात न टेकता, एका दमात, चेहऱ्यावर हसू. पाच वेळा काढला, पाचही वेळा तसंच. मला वाईट वाटलं, त्यांना त्रास झाला असणार त्या उठण्याचा, आणि तो व्हिडिओ माझ्या कामाचाही नव्हता. शेवटी त्याच म्हणाल्या, "तो फोन तिकडे फळीवर ठेवून दे चालू करून, मी विसरून जाईन." पाऊण तास चालू राहिला. त्यात त्या तीनदा उठल्या, आणि ते तीन उठणं मी नंतर किती वेळा बघितलं याला गणती नाही.

१८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, आणि तेही पाय ताणलेले असताना नाही, पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याच्याआधी चित्रकार वर्षानुवर्षं धावता घोडा पाय पुढेमागे फाकलेला काढत होते. रोज समोर घोडे होते त्यांच्या. माझंही अगदी तसंच झालं. मी थंबनेलमध्ये आजीला खुर्चीतून वर उठताना काढलं होतं. व्हिडिओत आई आधी वर जातच नाहीत. आधी पाय मागे घेतात, खुर्चीच्या खाली, डावा थोडा कमी. मग पाठ जरा मागे, अगदी कळत न कळत, दोन-तीन फ्रेम, हेच ते अँटिसिपेशन, म्हणजे हालचालीच्या आधीची उलट्या दिशेची तयारी. मग नजर खाली जमिनीवर, मग डोकं आणि छाती पुढे, इतकी पुढे की नाक गुडघ्यांच्या पुढे येतं, सगळं वजन बैठकीवरून पायांवर जातं, आणि तेव्हा कुठे बैठक सुटते. वर जाणं सगळ्यात शेवटी. तुम्ही स्वतः करून बघा, खुर्चीत ताठ बसा, पाय समोर ठेवा आणि पुढे न झुकता उठायचा प्रयत्न करा. उठताच येणार नाही.

या शॉटचं पहिलं ब्लॉकिंग पाठवलं तर मेंटर म्हणाले, पोझ छान आहेत पण ही सगळी हालचाल ओढलेली वाटतेय, दुखणाऱ्या माणसाची नाही, झोपेतल्या माणसाची. मी चक्रावले, कारण मी एकेक फ्रेम मोजून घेतला होता. दोन दिवसांनी लक्षात आलं. फोन व्हिडिओ काढतो सेकंदाला ३० फ्रेमने आणि माझा शॉट २४ चा. आईंना उठायला ४ सेकंद लागले, व्हिडिओत ते १२० फ्रेम, मी जसेच्या तसे १२० फ्रेम टाइमलाइनवर टाकले, म्हणजे माझ्या आजीला ५ सेकंद लागत होते. हवे होते ९६. तो एक सेकंद कोणीतरी तिच्या पाठीवर ओझं ठेवल्यासारखा दिसत होता. तुम्ही फोनवर रेफरन्स काढत असाल तर आधी फ्रेम रेट जुळवून घ्या, मगच मोजा. कुतूहल म्हणून मी स्वतःचाही व्हिडिओ काढला, मला उठायला दीड सेकंद लागतो, ३६ फ्रेम. आईंना ९६. रोज दिवसातून वीस-तीस वेळा त्या हे ९६ फ्रेम करतात आणि मी दुसऱ्या खोलीतून "आई, जरा येता का" अशी हाक मारत असते. आता मीच जाते त्यांच्याकडे.

उठल्यावर आई जरा वेळ नुसत्या उभ्या राहतात, १८ फ्रेम, पाऊण सेकंद. ते मी काढून टाकले. शॉट तिथे मेल्यासारखा वाटत होता, बाहुली उभी आणि काहीच होत नाही, आणि थ्रीडीत थांबलेली बाहुली फार वाईट दिसते, जीव गेल्यासारखी. उठली की लगेच पाऊल, असं केलं, वाहतं झालं, आणि तेच परवा रात्री अपलोड केलं.

काल सकाळी आईंना दाखवलं. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला, चष्मा दिला. त्यांनी एकदा बघितलं, परत लाव म्हणाल्या, परत बघितलं. मग म्हणाल्या, "डावा गुडघा दुखतोय हिचा." मी कुठेच सांगितलं नव्हतं त्यांना डावा-उजवा. माझ्या घशाशी आलं एकदम. मी काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण ही लगेच कशी चालायला लागली? उठलं की मी थांबते. गुडघा धरतोय का बघते, धरला तर पाऊल टाकते. नाहीतर परत बसते."

रात्री धाकटी झोपल्यावर फाइल परत उघडली, नवीन नंबराने सेव्ह केली, आणि ते १८ फ्रेम परत घातले. यावेळी कंबर आधी उजव्या पायावर, मग थोडंसं वजन डाव्यावर देऊन बघितल्यासारखं, परत उजव्यावर, हात अजून खुर्चीच्या हातापासून बोटभर अंतरावर, डोळे खाली. मग पाऊल.